उशिरा येणाऱ्यानं गाणं म्हणायचं

“पॅरिस तसं बरं आहे,” ऐनापुरेकाका माइक हातात घेऊन म्हणाले. “रस्ते रुंद आहेत. स्वच्छता मध्यम. त्या लोखंडी टॉवरचं काम मात्र अर्धवट सोडलंय. भिंती नाहीत, वर पत्रा नाही. कंत्राटदार पळालेला दिसतोय. आणि एवढं मोठं गाव, पण स्टँडवर उसाचा रस मिळत नाही. हे काही बरोबर नाही.”

अख्खी बस खदखदून हसली. काकांनी सगळ्यांकडे शांतपणे बघितलं, माइक मला परत दिला आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. शेजारी बसलेल्या ऐनापुरेकाकू हसल्या नाहीत. त्यांनी फक्त काकांच्या शर्टाची कॉलर नीट केली.

मी तेव्हा युरोपच्या सहलींचा टूर मॅनेजर होतो. वय एकोणतीस, अंगात कोट, हातात झेंडा आणि डोक्यात भरपूर हवा. बसमध्ये एक्केचाळीस मराठी माणसं होती. एक शहर सोडून दुसऱ्याकडे निघालो की मी माइक फिरवायचो आणि ज्याला त्याला मागच्या शहराबद्दल बोलायला लावायचो. त्यात दोन तास सहज निघून जायचे.

काकांच्या आधी पुण्याचे टिल्लू बोलले होते. टिल्लू बँकेतून निवृत्त झालेले, सगळं डायरीत लिहून घेणारे. त्यांच्या मते पॅरिसचा उगाच बोलबाला होता. पाव दगडासारखा, नदी आपल्या मुठेपेक्षा थोडी बरी, आणि फ्रेंच माणूस इंग्रजी येत असून मुद्दाम बोलत नाही. “आगाऊपणा, दुसरं काय!” नाशिकच्या दोन बहिणींना मात्र पॅरिसचे लोक फार प्रेमळ वाटले होते, कारण एका दुकानदारानं त्यांना फुकट चॉकलेटं दिली होती. एकाच शहरात राहून आलेली ही माणसं चार वेगवेगळ्या शहरांबद्दल बोलायची. मला त्याची गंमत वाटायची.

बसमध्ये माझे दोन नियम होते. रोज सीट बदलायची, म्हणजे पुढची खिडकी सगळ्यांना मिळते. आणि बसला उशिरा येणाऱ्यानं माइकवर गाणं म्हणायचं. पहिला नियम ऐनापुऱ्यांसाठी मी मोडला होता. मुंबईच्या विमानतळावरच काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, “भाऊ, आमाला रोज तीच सीट द्या. डायव्हरच्या मागची. ह्यांना गाडी लागते.” काकूंचं नाव इंदुमती, काकांचं भीमराव. गाव मिरज. काका चौतीस वर्षं एसटीत होते, त्यातली शेवटची बावीस मिरज स्टँडवर कंट्रोलर. फलाटावर कुठली गाडी लागली ते माइकवरून सांगायचं आणि गाड्या वेळेवर सोडायच्या, हे त्यांचं काम. असा माणूस एसटीत बसून उलट्या करत असेल हे मला तेव्हाच पटायला नको होतं. पण मला काय, मी हो म्हटलं.

टिल्लूंना ते खुपलं. “नियम सगळ्यांना सारखा हवा, केळुसकर,” ते मला रोज ऐकवायचे.

ब्रुसेल्सनंतर काकांना माइक मिळावा म्हणून लोकच ओरडायला लागले. त्या शू करणाऱ्या पोराच्या पुतळ्याबद्दल काका म्हणाले, “त्याच्या घरच्यांना कळवायला पाहिजे. किती वेळ झाला, एकटंच उभं आहे. आपल्याकडं असतं तर पोलीस चौकीत तरी बसवलं असतं.” अ‍ॅमस्टरडॅमनंतर तर बस लोटपोट झाली. काका म्हणाले, “पुराचं पाणी अजून उतरलेलं नाही. घराघराच्या दारापर्यंत पाणी आहे. पण माणसं धीराची. सायकली घेऊन कामाला जातात. कुणी रडत नाही.”

“काय टायमिंग आहे हो या माणसाचं!” टिल्लूसुद्धा म्हणाले. “चेहऱ्यावरची रेषा हलत नाही.”

मीही खूश होतो. अशी बस आयुष्यात एकदाच मिळते. सहलीच्या शेवटी लोक फॉर्म भरून देणार, त्यात माझं नाव चांगलं येणार, हे मला दिसत होतं.

लुझर्नजवळच्या हॉटेलात सकाळी सातला मी नाश्त्याची व्यवस्था बघायला खाली आलो, तर काका काउंटरपाशी उभे. अंगात पायजमा, पायात बूट. काउंटरवरच्या मुलीला विचारत होते, “साडेसातची कोल्हापूर लागली का?”

ती बिचारी हसून मान हलवत होती. मला जोरात हसू आलं. मग लक्षात आलं, तिथं ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. कुणासाठी केलेली गंमत नव्हती ती.

काकू जिन्यावरून धावत आल्या, पायात एकच चप्पल. त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं, पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढून समोर ठेवली. काका मुकाट्यानं खायला लागले. मग त्या माझ्याकडे आल्या.

“भाऊ, तुमाला कळलं न्हवं?”

मी हळूच मान डोलावली.

“दीड वर्ष झालं. आधी किल्ल्या विसरायचे, मग रस्ता. आता मधनंच दिसंल ते गाव मिरजच वाटतंय. डाक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस माणसं वळखतील, पुढचं सांगता येत नाही.” त्या शांतपणे सांगत होत्या. “जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या ओ ह्यांनी. मी म्हटलं कुठं जाऊ या, की म्हणायचे, रिटायर झाल्यावर. मग म्हटलं, मला वळखतात तवर एकदा दोघांनी मिळून लांब जाऊन यायचं. बास. अजून आठ दिवस. एवढं मला मिळू द्या.”

“काकू, पण लोकांना सांगितलं तर लोक मदत करतील.”

“नको. आत्ता त्यांच्यासंगं हसतात. कळलं की च्‌च्‌ करतील. त्यांना ते कळतंय, भाऊ. घरी येणारा जाणारा च्‌च्‌ करायला लागला, तवापासून ते बोलायचेच बंद झालते. इथं बघा, कसं माइक घेऊन बोलायलेत.”

“आणि ती सीट?”

“गाडी लाल आहे न्हवं आपली. एसटीवानी. मी रोज सांगते, काय बी झालं तरी लाल गाडीजवळ जायचं, पहिल्या सीटवर बसायचं, मी येतेच. तेवढं डोक्यात राहिलंय त्यांच्या. ते एक राहिलंय.”

मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. तो मी इन्सब्रुकपर्यंत पाळला. माझ्या हातून जे झालं ते शब्द मोडून झालं नाही, हेच मला जास्त लागतं.

दोन दिवसांनी आम्ही ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला पोचलो. दुपारची वेळ, चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर, खाली छोटंसं नीटनेटकं गाव. बस राजवाड्याजवळच्या बागेपाशी लावली. सोनेरी छपराचं घर बघायचं, बाजारात हिंडायचं आणि चार वाजता बसपाशी यायचं, असं ठरलं. टिल्लू अर्ध्या तासातच वैतागून परत आले. त्यांनी एका बाईला स्वच्छतागृह कुठं आहे म्हणून विचारलं होतं आणि ती नुसतं बोट दाखवून निघून गेली होती.

“थंड लोक आहेत हो. बर्फात राहून तसेच झालेत. आपण इथं रस्त्यात मेलो तरी वळून बघणार नाहीत. आणि ते सूप! कोमट पाण्यात शेवया.”

चार वाजले. सगळे आले, ऐनापुरे सोडून. चार वाजून पाच. चार वाजून दहा. माझ्या बसला आठ दिवसांत एवढा उशीर कुणी केला नव्हता. टिल्लू उठून उभे राहिले.

“सीट रोज पुढची, आणि यायचं मात्र सगळ्यात शेवटी. आज गाण्यावर भागवायचं नाही, केळुसकर. गाडी जरा त्या कोपऱ्यामागे घ्या. येऊन बघतील तर गाडी गायब! बघू, माइकवर काय बोलतात ते.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. “हो हो, घ्या घ्या! काका काय धमाल करतील!” त्यात द्वेष कुणाच्याच मनात नव्हता. काका सगळ्यांचे लाडके झाले होते, म्हणून तर ही थट्टा.

मला एकट्याला ठाऊक होतं. गुपित न फोडताही मला नुसतं ‘नको’ म्हणता आलं असतं. मॅनेजर मी होतो. पण सगळी बस माझ्याकडे बघून हसत होती, आणि एवढ्या माणसांचा हिरमोड करायची मला सवय नव्हती. मनात म्हटलं, काकू त्यांच्यासोबत आहेत, पाच मिनिटांचा तर खेळ.

“पाचच मिनिटं हं,” मी म्हणालो आणि ड्रायव्हरला खूण केली.

बस हलली. तेवढ्यात मागून टिल्लूंच्या बायकोचा आवाज आला, “अय्या, ते बघा आले! एकटेच आहेत. हात करतायत!”

सगळे खिडक्यांकडे वळले. मला आरशातून दिसलं. काका बागेच्या कडेनं येत होते. त्यांनी उजवा हात सरळ वर धरला होता, स्टँडवरचा कंट्रोलर सुटलेल्या गाडीला थांबवायला धरतो तसा. मग ते पळायला लागले. बस हसत होती. काकू कुठंच दिसत नव्हत्या. मी ड्रायव्हरला थांब म्हणून ओरडलो, पण मागून ट्राम येत होती आणि त्या रस्त्यावर थांबता येत नव्हतं. कोपरा ओलांडून बस उभी राहीपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. मी उतरून पळत परत आलो.

काका नव्हते. काकू होत्या. त्या समोरच्या स्वच्छतागृहातून बाहेर येऊन बस उभी होती त्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या.

“गाडी?” त्या म्हणाल्या. “आत्ता तर हितं होती. मी त्यांना दाखवली. म्हटलं, ती लाल गाडी, जाऊन बसा. पन्नास पावलंसुद्धा नव्हती. भाऊ, गाडी का हलवली?”

माझ्या तोंडून आपोआप निघालं, “पोलिसांनी हलवायला लावली, काकू.”

पुढचा दीड तास आम्ही ते गाव पालथं घातलं. बाग, नदीवरचा पूल, चर्च, बाजार. टिल्लू माझ्या पुढे धावत होते. त्यांना मी आता काकूंच्या नकळत सगळं सांगितलं होतं. काकू माझ्या शेजारी चालत होत्या आणि दर थोड्या वेळानं तेच म्हणत होत्या, “लाल गाडीजवळच असतील. दुसरीकडं जायचे न्हाईत ते.”

आणि तसंच झालं. बागेच्या पलीकडच्या टोकाला एक लाल बस उभी होती. आमची नव्हे. हॉलंडकडच्या म्हाताऱ्या माणसांची सहल होती ती. ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर काका बसले होते. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल घातली होती, हातात चीज लावलेला पाव होता. त्यांची गाइड बाई मला इंग्रजीत म्हणाली, “हे पळत आले आणि बसले. उतरायला तयार नाहीत. आमची निघायची वेळ साडेचारची होती, पण यांना असं टाकून कसं जायचं? म्हणून थांबलो.” बसमधली पन्नासेक म्हातारी माणसं आमच्याकडे बघून मायेनं हसत होती. टिल्लूंनी मान खाली घातली.

काकू मला बाजूला सारून वर चढल्या. “अवो,” त्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. “आले मी.”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ओळखीचं काही नव्हतं, पण आदर होता. ते जरा सरकले.

“बसा ताई,” ते म्हणाले. “तुमची पण गाडी चुकली का? बसा हितं. आमची मंडळी आली की मग बघू.”

काकू उभ्याच राहिल्या. मग त्यांच्या शेजारी बसल्या, कारण दुसरं काय करणार?

त्यांना आमच्या बसपर्यंत आणायला वेळ लागला. बसमधल्या लोकांना अजून काही माहीत नव्हतं. काका सापडले एवढंच त्यांना दिसलं आणि सुटका झाल्याच्या आनंदात टाळ्या झाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, “नियम म्हणजे नियम! काका, गाणं!”

मी माइक बंद करायला गेलो, त्याआधीच काकांनी तो उचलला. दोनदा फुंकर मारून बघितला. मग स्टँडवरच्या त्या लांब सुरात म्हणाले, “प्रवाशांना सूचना. मिरजेच्या सौभाग्यवती इंदुमती भीमराव ऐनापुरे जिथं असतील तिथून त्यांनी लाल गाडीजवळ यावं. त्यांचे यजमान वाट बघत आहेत. त्या आल्याशिवाय गाडी सुटणार नाही.”

बस हसून हसून बेजार झाली. काकू त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्या वळल्या, दोन पायऱ्या उतरून खाली गेल्या, आणि पुन्हा वर चढल्या. आत्ताच आल्यासारख्या.

“आले वो,” त्या म्हणाल्या. “ही बघा, आले.”

काकांनी त्यांना नीट न्याहाळलं. “तुम्ही न्हवं, ताई,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले आणि दरवाजाकडे बघत राहिले.

हसणं एकेका सीटवरून थांबत गेलं. टिल्लूंची बायको रडायला लागली.

व्हेनिस, पिसा, रोम ही शहरं आम्ही बघितली. काका सगळीकडे आले, चालले, जेवले. जेवताना काकूंनी भाकरी पुढे केली की “उपकार झाले, ताई” म्हणायचे. काकूंनी हॉटेलात दुसरी खोली मागितली नाही, पण रोज सकाळी त्यांचे डोळे सुजलेले असायचे. बसमध्ये कुणी आवाज चढवून बोलत नव्हतं. पुढची सीट कुणी मागितली नाही. टिल्लूंनी डायरी लिहायचं सोडलं होतं.

शेवटच्या दिवशी रोमच्या विमानतळाकडे जाताना मी माइक काढणार नव्हतो. काकूंनीच हात पुढे केला.

“मी कधी बोलले न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमी सगळ्यांनी आमास्नी सांभाळून घेतलं. सगळी गावं चांगली होती. माणसं तर लईच चांगली. त्या परक्या म्हाताऱ्यांनी ह्यांच्या अंगावर शाल घातली, ती परत द्यायची राहिली. आता एवढंच वाटतं, त्या गावातले पोलीस फार कडक आहेत. पाच मिनिटं गाडी उभी करू दिली असती, तर बरं झालं असतं.”

एक्केचाळीस माणसांपैकी अडतीस-एकोणचाळीस जणांना खरं काय ते ठाऊक होतं. कुणीही तोंड उघडलं नाही. मी माइक परत घेतला आणि चेक-इनच्या सूचना दिल्या.

मला दुसऱ्या दिवशी पुढचा ग्रुप घ्यायचा होता, म्हणून मी रोमलाच थांबणार होतो. सगळ्यांचे फॉर्म आले. काकूंच्या फॉर्मवर माझ्या नावापुढे ‘फार चांगले’ लिहिलं होतं. तो कागद हातात घेऊन मी त्यांना गाठलं. आज सांगायचंच, असं ठरवलं होतं. एकोणीस वर्षं झाली, अजूनही मी ते वाक्य मनात जुळवतो. काकू, त्या दिवशी पोलीस नव्हते.

पण आत जायच्या दारापाशी काका अडून बसले होते. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली होती. मला बघून म्हणाले, “साहेब, आमची मंडळी मागं राहिली. ती आल्याशिवाय मी जायचा न्हाई.”

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी पिशवी उचलली.

“ती पुढं गेलीया,” त्या काकांना म्हणाल्या. “घरी जाऊन चहा टाकते म्हणाली. तुमाला घेऊन यायला मला सांगितलंय.”

काकांनी जरा विचार केला. “तुम्ही मिरजेच्याच का?”

“व्हय.”

“मग चालंल,” काका म्हणाले, आणि त्यांच्या मागोमाग आत गेले.